माळाची उसंत : पशुपालक वाचकांचे प्रश्न

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2026 हे वर्ष चराऊ राने आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. त्या निमित्ताने आम्ही वाचकांकडून जनावरे, कुरण, माती आणि माळावरचे वन्यजीव यांच्या परस्परसंबंधांविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीचशी कर्ज आणि अनुदान यांबद्दलची होती. ती संबंधित सदराकडे सोपवली आहेत. उरलेल्यांपैकी निवडक पत्रांचा सारांश आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : आमच्याकडे नऊ एकर माळरान आहे. चार देशी गाई आणि लहानमोठ्या बावीस शेळ्या वर्षभर त्यावरच चरतात. वडिलांच्या काळी या माळावर कमरेइतके गवत असे. आता कुसळी आणि तरोटा सोडल्यास काही उरलेले नाही आणि पहिल्याच पावसात माती वाहून ओढ्याला जाते. सगळा माळ नांगरून संकरित नेपियर गवत लावावे असा सल्ला मिळाला आहे. काय करावे? (एक वाचक, पुरंदर तालुका)

उत्तर : नांगर घालण्यापूर्वी एक साधा हिशेब करून पाहावा. सुमारे तीनशे किलो वजनाच्या देशी गाईला वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे दिवसाला साडेसात किलो कोरडा चारा लागतो. मोठ्या शेळीला साधारण एक किलो लागतो. म्हणजे आपल्या जनावरांची रोजची गरज पन्नास किलोंच्या थोडी वर जाते आणि वर्षाची जवळजवळ 19 टन होते. नऊ एकर म्हणजे साडेतीन हेक्टरांहून थोडे जास्त. आपल्या पट्ट्यात उत्तम राखलेल्या माळावर हेक्टरी तीन टन सुके गवत धरले तरी एकूण अकरा टन होते, आणि त्यातले निम्मे माळावरच सोडले पाहिजे, कारण तेच पुढच्या वर्षाचे मूळ, बी आणि मातीवरचे पांघरूण असते. राहिलेले साडेपाच टन आपल्या जनावरांना साडेतीन महिने पुरतात. आज माळाची जी अवस्था आपण लिहिली आहे, तीत हेक्टरी एक टनही निघत असेल की नाही याची शंका आहे, आणि त्या हिशेबाने चारा जेमतेम महिनाभराचा आहे. उरलेले अकरा महिने जनावरे गवताची मुळे खात आहेत, असेच म्हणावे लागेल.

हे वाचून जनावरे विकून टाकावीत, असा अर्थ कृपया काढू नये. माळ बिघडतो तो जनावरांच्या संख्येने जितका बिघडतो, त्याहून अधिक तो ती एकाच जागी रोज, बारमाही उभी राहिल्याने बिघडतो. पवना, मारवेल, डोंगरी ही आपल्या माळावरची बहुवर्षायू गवते आहेत. त्यांचे पाते खुडले गेले की मुळांत साठवलेल्या अन्नावर ती नवे पाते काढतात, आणि ते पाते मोठे होऊन मुळांचे कर्ज फेडायच्या आत दुसऱ्यांदा खुडले गेले तर मूळ आखडते. जनावर मात्र कोवळे पातेच शोधत येते. त्यामुळे सर्वांत गोड गवत सर्वांत आधी मरते, आणि जे जनावर खात नाही तेच उरते. कुसळी आणि तरोटा आपल्या माळावर वाढले आहेत ते याच निवडीमुळे.

यावर उपाय आहे तो उसंतीचा. माळाचे चार कप्पे करावेत. तारेचे कुंपण परवडत नसल्यास दगडांच्या ओळी आणि एक राखणदार पुरेसा होतो. दरवर्षी एक कप्पा पहिल्या पावसापासून दिवाळीपर्यंत पूर्ण बंद ठेवावा, म्हणजे तिथल्या गवताला फुलोरा येऊन बी जमिनीवर सांडेल. बी सांडल्यानंतर ते गवत विळ्याने कापून साठवावे किंवा चारावे. इतर तीन कप्प्यांत जनावरे आळीपाळीने फिरवावीत आणि गवत चार बोटे उरले की हलवावीत. पुढच्या वर्षी बंद कप्पा बदलावा. चार वर्षांत संपूर्ण माळाला एकदा बी धरण्याची संधी मिळते. पाऊस सुरू झाल्यावरचे पहिले तीन-चार आठवडे मात्र सगळाच माळ बंद ठेवावा, कारण ओल्या मातीवर खूर रुततो आणि नुकते फुटलेले गवत त्याच वेळी सर्वांत नाजूक असते. त्या दिवसांसाठी कडबा राखून ठेवणे हाच या पद्धतीतला खरा त्याग आहे, आणि बहुतेकांची योजना तिथेच मोडते.

जिथे माती पार उघडी पडली आहे तिथे उतारावर समतल चर काढून त्यांच्या भरावावर मारवेलचे ठोंब पावसाळ्याच्या सुरुवातीला लावावेत आणि चरांच्या मधल्या पट्ट्यात स्टायलोचे बी फेकावे. स्टायलो हे द्विदल असल्याने जमिनीत नत्र धरते आणि गवताचा कसही सुधारते. तरोटा फुलण्यापूर्वी उपटावा. बी धरल्यावर उपटण्यात अर्थ नाही.

नेपियरला आमचा विरोध नाही. विहिरीजवळ दहा-पंधरा गुंठे पाणी देता येईल अशी जागा असेल तर तिथे जरूर लावावे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे फुले जयवंत हे वाण त्यासाठी चांगले आहे, आणि हिरव्या चाऱ्याचा भार तिकडे गेला की माळाला उसंत देणे सोपे होते. परंतु पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडणारा, वीतभर मातीचा माळ नांगरून त्यावर पाण्याचे पीक लावणे म्हणजे उरलेली मातीही ओढ्याला देणे आहे. शेळ्यांविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. त्यांना गवतापेक्षा पाला प्रिय असतो. बांधावर बोर, बाभूळ, हादगा असल्यास त्यांच्या गरजेचा मोठा भाग माळाबाहेर भागतो आणि वर केलेला हिशेब तेवढा सैल होतो.

प्रश्न : चराईबंदी केल्यामुळे हिवरे बाजार सुधारले असे आम्ही शाळेपासून ऐकत आलो. आपल्या मासिकात मात्र चराई हवी, असा सूर असतो. यातले खरे कोणते? (एक शिक्षक, पारनेर तालुका)

उत्तर : दोन्ही खरे आहे, आणि विरोध वाटतो तेवढा नाही. हिवरे बाजारात 1989 नंतर पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली जे काम झाले, त्यात चराईबंदी ही कुऱ्हाडबंदी, श्रमदान आणि पाणलोटाची कामे यांच्या जोडीने आली होती. तिथला डोंगर अतिचराईने उघडा झालेला होता. अशा डोंगराला प्रथम पूर्ण विश्रांती देणे हाच उपचार होता. गवत परतल्यावर गावाने ते कापून आणून गोठ्यात घालण्याची पद्धत स्वीकारली, गाई-म्हशी वाढल्या आणि दूध वाढले. जनावर माळावरून हटले तरी माळाचे गवत जनावरांच्याच पोटात जात राहिले, ही गोष्ट सांगताना पुष्कळदा गाळली जाते.

मात्र चराईबंदीची किंमत कोण देतो हेही पाहिले पाहिजे. ज्याच्याकडे गोठा आहे, कडबा आहे आणि गवत कापून आणायला माणसे आहेत, त्याला बंदी परवडते. ज्याच्याकडे चार शेळ्या आणि गायरान एवढेच भांडवल आहे, त्या भूमिहीन बाईला ती परवडत नाही. त्यामुळे एखाद्या गावाने बंदीचा ठराव करताना शेळीवाल्या घरांना कापलेल्या गवतात वाटा किंवा एखादा कप्पा खुला ठेवण्याची सोय केली नाही, तर तो ठराव आमच्या मते अपुरा आहे, आणि तो रात्री मोडला जातो. शिवाय कायमच्या बंदीत आणखी एक अडचण असते. कित्येक वर्षे न चरलेले आणि न कापलेले गवत वाळून उभे राहते, खालच्या नव्या फुटव्याला सावलीत कोंडते आणि उन्हाळ्यात वणव्याला आमंत्रण देते. काळवीट, धाविक पक्षी, माळटिटवी यांना आखूड गवत आणि मोकळी जमीन लागते. कमरेइतक्या उभ्या गवतात त्यांना राहता येत नाही. म्हणून बंद माळाला विळा किंवा जनावराचे तोंड यांपैकी एक काहीतरी वर्षातून एकदा लागलेच पाहिजे.

प्रश्न : आमच्या कांद्याच्या शेतात दरवर्षी उन्हाळ्यात धनगरांच्या मेंढ्या खतासाठी रात्री बसवतो. या वर्षी शेजाऱ्यांनी सांगितले की मेंढ्यांच्या खुरांनी जमीन टणक होते आणि तण वाढते. बसवणे बंद करावे का? (एक शेतकरी, शिरूर तालुका)

उत्तर : बंद करू नये, पद्धत मात्र थोडी सुधारावी.

सुक्या लेंडीखतात नत्र सुमारे 3 टक्के, स्फुरद 1 टक्का आणि पालाश 2 टक्के असते, तर साध्या शेणखतात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. एवढे सामर्थ्य असलेले खत वाहतुकीचा खर्च न करता, आपल्या पायांनी चालत शेतात येते आणि सारखे पसरते, ही सोय दुसऱ्या कोणत्याही खतात नाही. शिवाय मेंढीचे मूत्रही जमिनीतच जाते. ढीग करून आणलेल्या लेंडीखतात ते वाया गेलेले असते. या मूत्रातले नत्र मात्र उन्हात लवकर उडून जाते, म्हणून वाघर, म्हणजे कळपाभोवतीचे जाळ्याचे कुंपण, ज्या तुकड्यावरून उचलली त्या तुकड्यावर त्याच दिवशी कुळवाची हलकी पाळी द्यावी. आठवडाभराने सगळे शेत एकदम कुळवण्याची जी सवय पडली आहे, तीत लेंडी राहते आणि मूत्रातले नत्र हवेत जाते.

जमीन टणक होण्याचा मुद्दा अर्धा खरा आहे. ओल्या काळ्या जमिनीवर मेंढ्या बसवल्या तर वरचा थर दाबला जातो. कोरड्या, रब्बी निघालेल्या शेतात तसे होत नाही. वळवाचा पाऊस होऊन गेला असेल तर जमीन वाफशावर येईपर्यंत थांबावे. तणाचेही तसेच आहे. बहुतेक गवतांचे बी मेंढीच्या पोटात मरते, पण कठीण कवचाचे बी जिवंत बाहेर येते आणि त्यात सर्वांत त्रासदायक म्हणजे वेडी बाभूळ. कळप वेड्या बाभळीच्या शेंगा खाऊन थेट आपल्या शेतात येत असेल तर पहिले दोन दिवस त्याला पडीक कोपऱ्यात बसवावे आणि मग शेतात घ्यावे. हे मेंढपाळाशी बोलून ठरवण्यासारखे आहे. त्याला शेंगा कुठे आहेत हे आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

या व्यवहाराचा आणखी एक भाग आहे. पारनेर, शिरूर, फलटण या दुष्काळी पट्ट्यातले वाडे, म्हणजे मेंढपाळांचे फिरते तळ, दसरा-दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात भाताच्या कापलेल्या खाचरांत जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत फिरतात. त्या काळात इकडच्या माळांना आपोआप उसंत मिळते. वर जो चार कप्प्यांचा हिशेब सांगितला, तोच हे लोक दोनशे किलोमीटरांच्या अंतरावर करत आले आहेत. मेंढ्या बसवण्याचे पूर्वी धान्य मिळे, आता बहुतेक ठिकाणी रोख मिळते. परंतु वाटेवरची शेते ठिबकाखाली आणि बारमाही पिकांखाली गेल्याने बसायला जागाच मिळत नाही आणि मुक्काम माळावर लांबतो. आपण शेत खुले ठेवता तेव्हा एखाद्या माळाची एक आठवड्याची उसंतही विकत घेत असता.

प्रश्न : आमच्या डांगी गाई डोंगरावर चरतात. लहानपणी पावसाळ्यात शेण पडले की दोन दिवसांत काळे किडे ते जमिनीत ओढून नेत. आता शेणाच्या पोवट्या महिनाभर तशाच वाळतात. तालुक्यातून आणलेले जंतांचे इंजेक्शन आम्ही वर्षातून तीनदा सगळ्या गाईंना देतो. त्याचा याच्याशी संबंध असेल का? (एक वाचक भगिनी, अकोले तालुका)

उत्तर : आपले निरीक्षण मोलाचे आहे आणि आपला संशय बहुधा बरोबर आहे. जंतांवर आणि गोचिडांवर वापरले जाणारे आयव्हरमेक्टिन हे औषध इंजेक्शनने दिल्यावर मोठ्या प्रमाणात शेणातून बाहेर पडते, आणि पुढचे काही आठवडे त्या शेणात शेणकिड्यांच्या अळ्या वाढू शकत नाहीत. मोठा किडा बहुधा मरत नाही, तो शेणाकडे येतो, अंडी घालतो, आणि त्याची पुढची पिढी तिथेच संपते. पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे किड्यांच्या विणीच्या नेमक्या हंगामात, सगळ्या गाईंना एकदम इंजेक्शन दिले की त्या डोंगरावर किड्यांना सुरक्षित शेण उरतच नाही.

या किड्यांचे काम किती मोठे आहे हे ऑस्ट्रेलियाला महागात शिकावे लागले. तिथले देशी शेणकिडे कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांवर जगणारे होते. युरोपीय वसाहतींबरोबर आलेल्या गाईंचे पातळ शेण त्यांना हाताळता येईना. कुरणे वाळलेल्या शेणाखाली गेली आणि शेणात वाढणाऱ्या माश्यांचा उपद्रव असह्य झाला. अखेर 1960 च्या दशकाच्या शेवटी तिथल्या सरकारी विज्ञान संस्थेने आफ्रिका आणि युरोपातून शेणकिडे आणून सोडायला सुरुवात केली. आपल्याकडे ते मुळातच आहेत. बोगदे करणारे किडे शेण वीतभर खाली नेतात, त्यांच्या बोगद्यांतून पाणी मुरते, हवा जाते, आणि माश्या व जंत यांची वाढ होण्याआधीच शेण संपते. म्हणजे ज्या जंतांसाठी आपण इंजेक्शन देता, त्यांच्यावरचा एक फुकटचा उपाय त्याच इंजेक्शनने कमी होतो.

यासाठी औषध सोडून देण्याची गरज नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात शेणाची तपासणी करून घ्यावी आणि ज्या गाईंच्या शेणात जंतांची अंडी जास्त आहेत त्यांनाच औषध द्यावे. बहुधा कळपातल्या थोड्याच जनावरांत जंतांचा मोठा भार असतो. फेनबेंडॅझोल गटातली तोंडाने द्यायची औषधे शेणकिड्यांना पुष्कळ कमी बाधतात, त्याविषयी पशुवैद्यकांशी बोलावे. मात्र याच वर्गातले अल्बेंडॅझोल नुकत्या गाभण गेलेल्या गाईला देऊ नये. आयव्हरमेक्टिन द्यावेच लागले तर त्या गाई दोन-तीन आठवडे गोठ्यात बांधाव्यात आणि त्यांचे शेण डोंगरावर न जाता उकिरड्यात कुजू द्यावे. डांगी गाय अतिवृष्टीच्या प्रदेशात टिकण्यासाठीच ओळखली जाते. तिला संकरित गाईचे औषधांचे वेळापत्रक जसेच्या तसे लावण्याचे कारण नाही.

प्रश्न : मी मेंढपाळ आहे. या हिवाळ्यात लांडग्याने माझी तीन कोकरे नेली. वन खात्याकडे गेलो तर उशिरा आलात असे सांगितले. वन्यजीव जगवा असे सांगणारे लोक कोकराचे पैसे देणार आहेत का? (एक वाचक, इंदापूर तालुका)

उत्तर : आपला राग रास्त आहे. वन्यजीवांचे कौतुक शहरात होते आणि त्याचा खर्च माळावर पडतो, हे आम्ही अमान्य करत नाही.

भरपाईबाबत आधी सांगतो, कारण त्यात वेळेला फार महत्त्व आहे. लांडग्याने मेंढी किंवा कोकरू मारल्यास शासन अर्थसाहाय्य देते. त्यासाठी घटनेची खबर दोन दिवसांच्या आत जवळच्या वनरक्षकाला किंवा वनक्षेत्रपालाला द्यावी लागते आणि पंचनामा व्हावा लागतो. मेलेले जनावर पंचनाम्यापूर्वी हलवू नये. फोनने त्याच वेळी छायाचित्र काढावे, त्यात आजूबाजूची ओळखू येणारी खूण असावी. लांडग्याने कोकरू उचलूनच नेले असेल तर पुरावा उरत नाही आणि दावा अडतो, ही या नियमांतली मोठी उणीव आहे. फिरत्या वाड्याला तर दर मुक्कामी वनरक्षक कोण हेही ठाऊक नसते. म्हणून मुक्काम पडताच त्या गावच्या पोलीस पाटलाकडून वनरक्षकाचा क्रमांक घेऊन ठेवण्याची सवय लावावी.

आता कोकरांबद्दल. आपल्या वडीलधाऱ्यांची जी पद्धत होती, म्हणजे लहान कोकरे रात्री डालग्याखाली झाकायची, कळप वाघरीच्या आत आणि माणसे व कुत्री वाघरीच्या बाहेर, तिच्याहून चांगली पद्धत आम्हाला माहीत नाही. वाघर सैल पडली असल्यास ताणावी. लांडगा बहुधा तिच्यावरून उडी मारत नाही, तो कळप बुजवतो आणि बुजलेली मेंढी स्वतः जाळ्याबाहेर पडते. सांजवेळी माळावरून परतताना मागे रेंगाळणारी कोकरे सर्वांत जास्त जातात, त्या वेळी एक माणूस कळपाच्या मागे असावा. कुत्र्यांना रेबीज आणि डिस्टेंपर या दोन्हींची लस टोचावी. ही लस कुत्र्याला वाचवते आणि लांडग्यालाही वाचवते, कारण हे रोग माळावरच्या कुत्र्यांकडून त्याच्याकडे जातात. लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे पुणे जिल्ह्याच्या माळांवर जनुकीय तपासणीने सिद्ध झाले आहे. उकिरड्यांवर वाढलेल्या बेवारस कुत्र्यांची संख्या हे त्याचे मूळ आहे. आपण लांडग्याच्या नावावर टाकतो त्यातली काही कोकरे या कुत्र्यांनीही नेलेली असतात, हे पंचनाम्यात ठशांवरून पुष्कळदा दिसते.

मेलेल्या मेंढीत विष घालून ठेवण्याचा सल्ला आपल्याला कोणी दिला असेल तर तो मानू नये. लांडगा हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याला मारल्यास किमान तीन वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. कायदा बाजूला ठेवला तरी त्या विषाने आधी मरतो तो आपलाच कुत्रा, मग खोकड, तरस आणि घारी. देशात लांडगे तीन हजारांच्या आसपास उरले आहेत, म्हणजे संख्येने ते वाघांपेक्षाही कमी आहेत. त्यांतले बरेचसे अभयारण्यांच्या बाहेर, आपण ज्या माळावर मेंढ्या चारता त्याच माळावर राहतात. आमच्या मते त्या अर्थाने राखणदार आपणच आहात, आणि शासनाने कोकराची भरपाई देण्यापेक्षा या राखणीचा मोबदला द्यायला हवा. तसा तो आज मिळत नाही.

प्रश्न : मेलेली गाय गावाबाहेर टाकली तर पूर्वी गिधाडे येत, आता कुत्री येतात. गिधाडे परत यावीत म्हणून पशुपालक काही करू शकतो का? (एक वाचक, म्हसळा तालुका)

उत्तर : करू शकतो, आणि ते काम औषधाच्या दुकानातच सुरू होते. 1990 च्या दशकापासून भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे 99 टक्क्यांहून अधिक घटली. दुखण्यावर व तापावर जनावरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे त्याचे कारण ठरले. ते अंगात असलेले जनावर मेल्यावर गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. 2006 मध्ये पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या तरीही गोठ्यात पोचत राहिल्या, म्हणून 2015 मध्ये इंजेक्शनची बाटली 3 मिलिलिटरपुरती मर्यादित करण्यात आली. 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक यांवरही जनावरांसाठी बंदी आली. मेलॉक्सिकॅम आणि टोल्फेनॅमिक ॲसिड ही दोन औषधे गिधाडांना सुरक्षित ठरली आहेत. आपल्या डॉक्टरांकडे त्यांची मागणी नाव घेऊन करावी.

औषध न देता नैसर्गिकपणे मेलेले जनावर असेल तर ते वस्ती आणि रस्ता यांपासून दूर, उघड्यावर ठेवता येते; मात्र ग्रामपंचायतीला आणि वन खात्याला विचारून जागा ठरवावी. काळपुळीचा (अँथ्रॅक्सचा) संशय असल्यास, म्हणजे जनावर अचानक मरून नाकातून किंवा गुदद्वारातून काळपट रक्त येत असल्यास, ते फाडू नये, ओढू नये. पशुवैद्यकाला कळवून चुना टाकून खोल पुरावे. अशा वेळी गिधाडांचा विचार करू नये.

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीने गायरानावर पाच हजार झाडे लावण्याचे ठरवले आहे. मेंढपाळांचा विरोध आहे. सदस्य या नात्याने मी काय भूमिका घ्यावी? (एक ग्रामपंचायत सदस्या, बार्शी तालुका)

उत्तर : प्रथम ते गायरान चालत पाहून यावे, आणि शक्यतो पावसाळ्यात पाहावे. तिथे पवना, मारवेल यांसारखी गवते असतील तर ती जमीन ओसाड नाही, कागदावर तिला पडीक म्हटले असले तरी. सोलापूर जिल्ह्यातच 1979 मध्ये माळढोकासाठी नान्नजचे अभयारण्य जाहीर झाले. हा पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो आणि भोवतालचे लांबवर दिसणे ही त्याची सुरक्षितता असते. अशा माळांवर गिरिपुष्पासारखी झाडे ओळीने लावली गेली तेव्हा गवत सावलीत खुरटले आणि कावळ्यांना व शिकारी पक्ष्यांना बसायला जागा मिळाली. माळाचा कार्बन बहुतांशी जमिनीखाली मुळांत असतो. खड्डे खोदून झाडे लावताना तो आधी उघडा पडतो, आणि पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसात त्यातली किती झाडे पाच वर्षांनी उभी राहतात हे आपल्या तालुक्यातल्या जुन्या लागवडी पाहून समजेल.

आपली भूमिका अशी असू शकते की झाडे गावठाण, शाळा, ओढ्याचे काठ आणि शेतांचे बांध येथे लावावीत, गायरानावर आधीची बोर-बाभूळ राखावी, आणि लागवडीसाठी मिळणारी मजुरी समतल चर व गवताचे ठोंब लावण्याकडे वळवता येते का ते विचारावे. ठरावापूर्वी मेंढपाळांना ग्रामसभेत बोलवावे. त्यांतले बरेच जण त्या दिवशी गावात नसतात, म्हणून सभेची तारीख त्यांच्या परतीनंतरची धरावी. पुणे जिल्ह्यात कडबनवाडी आणि शिरसुफळ येथे वन विभागाने माळरान सफारी सुरू केली आहे. सदस्यांना एकदा तिकडे नेले तर चिंकारा पाहिल्यावर चर्चा सोपी होते.

प्रश्न : कुसळीची कुसळे मेंढ्यांच्या लोकरीत आणि तोंडात रुततात. ती माळावरून पूर्ण काढून टाकावी का? (एक वाचक, जत तालुका)

उत्तर : पूर्ण निघणार नाही आणि काढूही नये, उघड्या खडकाळ मातीला धरून ठेवणारे ते पहिले गवत आहे. फुलोऱ्यापूर्वी, साधारण श्रावण-भाद्रपदात, त्यावर दाट कळप थोडे दिवस चारावा, कारण त्या वेळी ते कोवळे असते आणि मेंढ्या आवडीने खातात. कुसळे धरल्यावर कळप दुसऱ्या कप्प्यात न्यावा आणि ती गळून पडल्यावरच परत आणावा. लोकर कातरणी कुसळे येण्याआधी उरकून घ्यावी. मेंढीच्या डोळ्यात कुसळ गेले असल्यास ओढू नये. कोमट पाण्याने डोळा धुवावा आणि कुसळ निघाले नाही तर त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.